स्वीट कॉर्नवरील किडींचे सर्वेक्षण आणि नियंत्रणाची वेळ : अमेरिकन लष्करी अळीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मका हे महाराष्ट्रात प्रामुख्याने दाण्यासाठी आणि वैरणीसाठी घेतले जाणारे पीक होय. गेल्या काही दशकांत त्याच्याच जातीतील गोड मक्याने, म्हणजेच व्यवहारात सर्वत्र रूढ झालेल्या स्वीट कॉर्नने, शहरांलगतच्या बागायती पट्ट्यात आपले स्वतंत्र स्थान निर्माण केले आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या दोन मक्यांत फारसे अंतर नाही. दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर करणाऱ्या प्रक्रियेत काही जनुकांमुळे अडथळा येतो आणि दाणा गोड व मऊ राहतो, एवढाच तो फरक. कीड नियंत्रणाच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी पिके मानावी लागतात. दाण्याचा मका झाडावर वाळेपर्यंत ठेवला जातो. त्यातील एखाद्या कणसाचे टोक अळीने कुरतडले तर उरलेले दाणे मळणीत येतातच. स्वीट कॉर्नचे कणीस केस बाहेर पडल्यापासून साधारण १८ ते २२ दिवसांत, दाणा दुधाळ असतानाच तोडले जाते आणि ते संपूर्ण कणीस म्हणूनच विकले जाते. आवरण सोलल्यावर आत एक अळी व तिची विष्ठा दिसली, की ग्राहक ते कणीस बाजूला टाकतो आणि व्यापारी संपूर्ण मालाचा दर पाडतो. शिवाय तोडणी आणि खाणे यांत फार दिवसांचे अंतर नसल्यामुळे उशिरा केलेल्या फवारणीचे अवशेष थेट खाणाऱ्याच्या ताटात जाण्याचा धोका असतो.

या दुहेरी पेचामुळे स्वीट कॉर्नमध्ये 'कोणते औषध फवारावे' या प्रश्नापेक्षा 'केव्हा फवारावे, आणि केव्हा फवारू नये' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः अमेरिकन लष्करी अळीच्या अनुषंगाने केला आहे.

किडींचा परिचय

२०१८ पूर्वी राज्यातील मक्यावर खोडकिडा ही सर्वांत महत्त्वाची कीड समजली जात असे. रब्बी हंगामात गुलाबी खोडकिडा, कोवळ्या रोपांवर खोडमाशी, तुऱ्यावर मावा आणि कणसावर हिरवी बोंडअळी, म्हणजे हरभऱ्यावरील आपली परिचित घाटे अळी, अशी ही यादी होती. त्या वर्षी चित्र बदलले. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा ही कीड २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत आढळली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकातील मक्यावर तिची नोंद झाली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. मक्याबरोबर ज्वारी व ऊस यांवरही ती दिसून आली. या किडीचा पतंग वाऱ्याच्या साहाय्याने एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या प्रसाराच्या वेगाचे आश्चर्य वाटत नाही.

अळीची ओळख कठीण नाही. डोक्यावर इंग्रजी वाय या अक्षरासारखी उलटी फिकट खूण आणि शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांप्रमाणे मांडलेले चार ठळक काळे ठिपके ही दोन लक्षणे पुरेशी आहेत. मादी पतंग साधारण १०० ते २०० अंडी एका पुंजक्यात घालते व त्यावर आपल्या अंगावरील केसांचे आवरण पसरते. अंडी दोन ते तीन दिवसांत उबतात. लहान अळ्या पानाचा हिरवा पापुद्रा खरवडतात. त्यामुळे पानावर पांढुरके, आरपार प्रकाश दिसणारे चट्टे पडतात. दोन-तीन दिवसांत त्या विखुरतात आणि पोंग्यात शिरतात. तिसऱ्या अवस्थेपासून त्या एकमेकींना खाऊ लागतात. म्हणून एका पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी सापडते. अळीच्या एकूण सहा अवस्था असून त्यांस १४ ते २२ दिवस लागतात. मात्र तिच्या आयुष्यभराच्या आहाराचा सर्वांत मोठा भाग शेवटच्या दोन अवस्थांत फस्त होतो. पूर्ण वाढलेली अळी जमिनीत काही सेंटिमीटर खोल जाऊन कोष करते.

नियंत्रणाच्या वेळेचे सारे गणित या जीवनक्रमात दडलेले आहे. अळी लहान असते तेव्हा ती उघड्यावर असते, औषधाला लवकर बळी पडते, पण नुकसान नगण्य असल्यामुळे कोणाच्या नजरेत भरत नाही. पाने फाटलेली, पोंगा लाकडाच्या भुशासारख्या विष्ठेने भरलेला असे दृश्य बांधावरून दिसू लागते, तेव्हा अळी पाचव्या-सहाव्या अवस्थेत, पोंग्याच्या तळाशी आणि स्वतःच्याच विष्ठेच्या बुचाखाली सुरक्षित बसलेली असते. तेव्हा केलेली फवारणी बहुतांशी वाया जाते. पंपावर खर्च होतो, अळी काही दिवसांत आपोआप कोषात जाते आणि फवारणीचा 'गुण आला' असा गैरसमज मात्र शिल्लक राहतो.

कामगंध सापळे : उपयोग व मर्यादा

मादी पतंग नराला आकर्षित करण्यासाठी जो गंध सोडते, त्याची कृत्रिम प्रतिकृती ल्यूरमध्ये भरून कामगंध सापळा तयार केला जातो. लष्करी अळीसाठी नरसाळ्याच्या आकाराचे सापळे वापरतात. सर्वेक्षणासाठी एकरी चार ते पाच सापळे लावण्याची शिफारस आहे. ते पीक उगवताच, शक्य तर त्याआधीच, लावावेत आणि पीक वाढेल तशी त्यांची उंची वाढवावी. ल्यूर साधारण तीन ते चार आठवड्यांनी बदलणे आवश्यक असते. प्रत्यक्षात अनेक शेतांत एकदा टांगलेला सापळा काढणीपर्यंत त्याच उंचीवर, त्याच जुन्या ल्यूरसह लोंबकळत असतो आणि मक्याच्या पानांआड दिसेनासा होतो. असा रिकामा सापळा शेतात कीड नाही असे खोटे आश्वासन देतो. त्यापेक्षा सापळा नसलेला बरा.

सापळ्यात केवळ नर येतात. किती माद्यांनी किती अंडी घातली, हे सापळा सांगत नाही. त्याच कुळातील इतर पतंगही त्यात अडकतात, म्हणून मोजण्यापूर्वी ओळख पटवावी लागते. सापळ्यातील संख्या आणि झाडावरील नुकसान यांचे प्रमाण सर्वत्र सारखे राहत नाही, असाही अनुभव आहे. म्हणून सापळ्यातील पतंगांवरून थेट फवारणीचा निर्णय घेणे योग्य ठरत नाही. सापळा फक्त एक तारीख देतो. पतंग येऊ लागले, म्हणजे अंडी आजच्या-उद्याच्या रात्री पडणार. दोन-तीन दिवसांत ती उबणार. त्यानंतरच्या आठवड्यात लहान अळ्या पानावर सापडणार. शेतात केव्हा उतरायचे, ते या तारखेवरून ठरवावे.

ट्रायकोग्रामा व टेलेनोमस या परोपजीवी गांधीलमाश्या सोडायच्या असतील तर ही तारीख विशेष मोलाची आहे. या माश्या यजमान किडीच्या अंड्यातच आपली अंडी घालतात. अळी बाहेर पडल्यावर त्यांचा काही उपयोग नाही. अंड्यांचा काळ अवघा दोन-तीन दिवसांचा असल्याने, नुकसान दिसल्यावर लावलेले ट्रायकोकार्ड एका पिढीने उशिरा लावलेले असते. कार्ड लावल्यानंतर लगेच रासायनिक फवारणी केली, तर दोन्हींचा खर्च बुडतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

तापमान आणि पिढीचा काळ

कीटकाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. म्हणून त्याची वाढ दिनदर्शिकेपेक्षा उष्णतेच्या हिशोबाने मोजणे अधिक अचूक ठरते. दक्षिण आफ्रिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार लष्करी अळीची वाढ सुमारे १२.५ अंश सेल्सिअसखाली थांबते आणि अंड्यापासून पतंगापर्यंत तिला सुमारे ३९० उष्णता-दिवस लागतात. उष्णता-दिवस म्हणजे दिवसाच्या सरासरी तापमानातून किमान मर्यादा वजा करून उरलेल्या अंशांची रोजची बेरीज. खरिपात सरासरी तापमान २६ अंश धरले, तर दररोज १३.५ अंश जमा होतात आणि एक पिढी सुमारे २९ दिवसांत पुरी होते. डिसेंबर-जानेवारीत सरासरी २० अंशांपर्यंत उतरली, तर रोज ७.५ अंशच जमा होऊन तीच पिढी सुमारे ५२ दिवस घेते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, खरिपात आठवड्यातून एकदा पाहणी करणारा शेतकरी लहान अळ्यांचा संपूर्ण काळ हुकवू शकतो. त्या काळात आठवड्यातून दोनदा शेतात जाणे भाग आहे. थंडीत एक पाहणी पुरते. खरिपाचे फवारणीचे वेळापत्रक जसेच्या तसे रब्बीत वापरणे म्हणजे निम्म्या फवारण्या विनाकारण करणे होय.

झाडांची पाहणी

पाहणीसाठी शेताच्या कडेच्या पाच-सहा ओळी सोडून इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकारात चालावे, पाच ठिकाणी थांबावे आणि प्रत्येक ठिकाणी सलग २० झाडे पाहावीत. अशी १०० झाडे झाली म्हणजे टक्केवारी काढण्याचे कष्टही उरत नाहीत. मोजायचे ते फक्त ताजे नुकसान. याबाबत सर्वाधिक चूक होते. पूर्ण उघडलेल्या पानावरील ओळीने पडलेली छिद्रे म्हणजे ते पान पोंग्यात गुंडाळलेले असताना झालेल्या हल्ल्याची नोंद आहे. ती अळी कदाचित आता कोषात असेल. सर्वांत आतील दोन-तीन पानांवर पांढुरके चट्टे, ओली विष्ठा किंवा प्रत्यक्ष अळी दिसली तरच ते झाड प्रादुर्भावग्रस्त धरावे. खोडकिड्याची छिद्रे एका रेषेत, लहान व साधारण सारख्या आकाराची असतात. लष्करी अळीची मोठी व कडा फाटलेली. शंका आल्यास पोंगा उकलून अळी पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

१०० झाडांच्या पाहणीचीही एक मर्यादा आहे. शेतातील खरे प्रमाण १० टक्के असले, तरी निव्वळ योगायोगाने ४ पासून १६ पर्यंत कोणताही आकडा हाती येऊ शकतो, असे संख्याशास्त्र सांगते. म्हणून आज ९ आणि मर्यादा १० असेल तर निश्चिंत होऊ नये, आणि ११ आले म्हणून त्याच सायंकाळी पंप खांद्यावर घेऊ नये. दोन-तीन दिवसांनी केलेली दुसरी पाहणी प्रादुर्भाव वाढतो आहे की उतरतो आहे ते दाखवते, आणि निर्णयासाठी तेच अधिक उपयुक्त असते. जोरदार पावसात पोंग्यात पाणी साचून लहान अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात. दमट हवामानात मेटारायझियम रिलेयी या बुरशीने अळ्या पांढुरक्या-हिरवट पडून वाळलेल्या आढळतात. अशा वेळी थांबणे हाही उपायच ठरतो.

स्वीट कॉर्नचे शेतकरी सलग पुरवठ्यासाठी दर दहा-पंधरा दिवसांनी एकेक तुकडा पेरतात. त्यामुळे एकाच शेतात रोप, पोंगा, तुरा आणि कणीस या सर्व अवस्था शेजारीशेजारी नांदतात व किडीला बारमाही खाद्य मिळते. इथे संपूर्ण शेताची मिळून एक टक्केवारी काढणे निरर्थक होय. प्रत्येक पेरणीची पाहणी व नोंद स्वतंत्र ठेवावी लागते. काढणी झालेला तुकडा उभा ठेवणे म्हणजे पुढच्या तुकड्यासाठी पतंगांची पैदास करण्यासारखे आहे.

आर्थिक नुकसान पातळी : कोणाची आणि कशासाठी?

भारतात दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत रोपावस्था ते सुरुवातीचा पोंगा या काळासाठी ५ टक्के झाडे, आणि पोंग्याच्या मधल्या व उत्तर काळासाठी १० ते २० टक्के झाडे प्रादुर्भावग्रस्त असणे, ही मर्यादा सांगितली जाते. आफ्रिकेतील शेतकऱ्यांसाठी सिमिट या आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन संस्थेच्या सहभागाने २०१८ मध्ये तयार झालेल्या मार्गदर्शिकेत हेच आकडे सुरुवातीच्या पोंग्यासाठी २० आणि उत्तर पोंग्यासाठी ४० टक्के असे बरेच सैल आहेत. दोन्ही आकडे आपापल्या संदर्भात योग्य असू शकतात. पण दोन्ही मुळात दाण्याच्या मक्याच्या उत्पादनघटीवरून ठरलेले आहेत, याकडे दुर्लक्ष होते.

स्वीट कॉर्नचे नुकसान क्विंटलमध्ये नव्हे, तर विक्रीस नालायक ठरणाऱ्या कणसांत मोजायचे असते. मक्याच्या झाडात पाने भरून काढण्याची शक्ती मोठी आहे. पोंग्यातील थोड्याफार खाण्याने कणसाच्या रूपात फरक पडत नाही. म्हणून मधल्या पोंग्यात स्वीट कॉर्नचा शेतकरी थोडा सैल राहिला तरी चालेल, आणि तुरा बाहेर पडताना मात्र त्याने कडक व्हावे, असे मत नोंदवावेसे वाटते. याचे कारण पिकाच्या रचनेत आहे. तुरा वर येऊ लागला की पोंगा उलगडतो आणि आत लपलेल्या अळीचे घर मोडते. ती अळी खाली सरकते आणि कोवळ्या कणसात टोकाकडून किंवा थेट आवरण पोखरून शिरते. पोंगा सोडल्यापासून कणसात शिरेपर्यंतचे मोजके दिवस ती उघड्यावर असते. पेरणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी येणारी ही वेळ संपूर्ण हंगामातील सर्वांत मोलाची आहे. तुऱ्याचे टोक पोंग्यात नुकते दिसू लागताच पाहणी करून, गरज असल्यास त्याच वेळी फवारणी केली, तर कणसावरील बराच धोका टळतो आणि काढणीपर्यंत तीन आठवड्यांहून अधिक अवधी हाती राहतो.

केस बाहेर पडल्यानंतरचे दिवस

केसांच्या अवस्थेत हिरवी बोंडअळी पुढे येते. तिची मादी ताज्या, ओलसर केसांवर सुटी-सुटी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी केसांच्या मार्गाने खाली उतरते आणि एकदा आवरणाखाली गेली की कोणतीही फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. केस तपकिरी होऊन वाळले की मादीचे आकर्षण ओसरते. म्हणजे धोक्याचा काळ केस दिसल्यापासूनचा जेमतेम दीड-दोन आठवड्यांचा असतो.

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत याच कुळातील हेलिकोव्हर्पा झिया या अळीसाठी सापळ्यांचा फार काटेकोर उपयोग केला जातो. तेथे केसांच्या अवस्थेत रोज रात्री सापळ्यात येणाऱ्या पतंगांच्या सरासरीवरून दोन फवारण्यांमधील अंतर ठरते. सरासरी ०.२ पेक्षा कमी असेल तर या किडीसाठी फवारणी नाही, ०.२ ते ०.५ असल्यास सहा दिवसांनी, १ पर्यंत पाच दिवसांनी, १३ पर्यंत चार दिवसांनी आणि त्याहून अधिक असल्यास तीन दिवसांनी. दोन-तीन दिवस हवा थंड राहिली की त्यात एक दिवसाची सूट. हे आकडे आपल्याकडे उचलून आणणे चुकीचे ठरेल. कीड वेगळी, हवामान वेगळे, आणि दर तीन-चार दिवसांनी ट्रॅक्टरवरील यंत्राने फवारणी करण्याची तेथील पद्धतही वेगळी. घेण्यासारखे आहे ते त्यामागील तत्त्व : पतंग नसतील तेव्हा न फवारण्याचा निर्णयही आकड्यावरून घेता येतो.

तेथील दुसरा अनुभवही बोलका आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस बीटी स्वीट कॉर्न बाजारात आले. सुरुवातीला त्यातील कणसे जवळजवळ स्वच्छ निघत. वर्षांमागून वर्षे त्याच जातींचे नमुना-तुकडे लावून केलेल्या पाहणीत कणसांचे नुकसान वाढत गेल्याचे आढळले आणि अळीत प्रतिकारशक्ती आल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. भारतात बीटी मक्याच्या व्यापारी लागवडीस परवानगी नाही. परंतु प्रतिकारशक्तीचा नियम फवारणीच्या औषधांनाही तितकाच लागू पडतो. इमामेक्टिन बेंझोएट, स्पिनेटोरम आणि क्लोरँट्रानिलीप्रोल ही लष्करी अळीसाठी शिफारस झालेली औषधे वेगवेगळ्या पद्धतीने कार्य करतात. एका पिढीवर एका गटाचे आणि पुढील पिढीवर दुसऱ्या गटाचे औषध वापरावे, याचे कारण हेच. सुरुवातीच्या पोंग्यात ५ टक्के निंबोळी अर्क किंवा १५०० पीपीएम अझाडिरॅक्टिन लिटरला ५ मिली या प्रमाणात पुरेसे ठरते. औषध कोणतेही असो, डब्यावरील लेबलात मक्यासाठी नोंदलेली मात्रा व काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ पाहूनच ते निवडावे. दाण्याच्या मक्यात हा प्रतीक्षाकाळ आपोआप पाळला जातो. स्वीट कॉर्नमध्ये तो मोजावा लागतो.

फवारणारा माणूस

वेळेच्या चर्चेत फवारणाऱ्या व्यक्तीचा विचार बहुधा मागे पडतो. पोंग्याच्या अवस्थेत पीक गुडघ्या-कमरेपर्यंत असते. नोझल खाली, थेट पोंग्यात धरता येते. तुरा आल्यावर पीक डोक्याच्या वर जाते आणि पाठीवरच्या पंपाने फवारणाऱ्याला नोझल वर धरून, स्वतःवरच पडणाऱ्या तुषारांतून चालावे लागते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या वर्षी कपाशीची झाडे नेहमीपेक्षा उंच वाढली होती, हे त्या दुर्घटनेच्या चर्चेत पुढे आलेल्या कारणांपैकी एक होते. मक्यात ही उंची दर हंगामी असते. तुऱ्यापूर्वी केलेली एक वेळेवरची फवारणी नंतरच्या दोन फवारण्या वाचवीत असेल, तर तो केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही. मधमाश्या सकाळी परागासाठी तुऱ्यांवर येतात. त्या दृष्टीनेही या अवस्थेतील अपरिहार्य फवारणी सायंकाळीच करावी. लष्करी अळी सायंकाळनंतर अधिक हालचाल करते, हाही त्यातील लाभ.

सामूहिक सर्वेक्षण

२००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यानंतर राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. आरंभी काही प्रमुख पिकांपुरता असलेल्या या प्रकल्पात पुढे मक्याचाही समावेश झाला. निवडक शेतांवरील नियमित निरीक्षणांवरून सल्ले देण्याची ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु हे सल्ले बहुसंख्य पेरणीच्या, म्हणजे जून-जुलैत पेरलेल्या दाण्याच्या मक्याला धरून असतात. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये पेरलेल्या स्वीट कॉर्नच्या तुकड्याला त्यातील पतंगांची हालचाल कळण्यापुरता उपयोग होतो. केसांच्या अवस्थेचे दिवस त्या शेतकऱ्यालाच मोजावे लागतात. त्यासाठी पेरणीची तारीख, पतंग, ताजे नुकसान, तुरा व केस दिसल्याचा दिवस आणि फवारणी एवढ्या पाच-सहा रकान्यांची साधी वही पुरेशी आहे.

या वहीचा आणखी एक उपयोग काढणीनंतर होतो. स्वीट कॉर्नची ताटे कणसे तोडल्यावरही हिरवीगार असतात आणि ती वैरण म्हणून गोठ्यात जातात किंवा मूरघासासाठी विकली जातात. पानांवर शेवटची फवारणी केव्हा झाली, हे वैरण घेणाऱ्या दूध उत्पादकाला तारखेनिशी सांगता येणे, ही त्या नोंदीचीच फलनिष्पत्ती आहे.